दुपारी दोन ते चार

आमच्या सासूबाई डोळखांबकडच्या. सासरे गेल्यावर आम्ही त्यांना आसनगावला, स्टेशनजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये आणलं. भातसा-तानसाचं पाणी मुंबईला जातं, तशी शहापूर तालुक्यातली कमावती माणसंही रोज सकाळी तिकडेच वाहून जातात. मी आणि नवरा त्यातलेच. सासूबाईंना बीपीची गोळी वेळेवर, जेवण झाकून ठेवलेलं, टीव्ही चालू. पण गावाला ओट्यावर बसून आल्यागेल्याला हाक मारणारी बाई इथे बोलणार कुणाशी? रात्री मी भाकरी थापत असताना त्या दारात उभ्या राहून सकाळपासूनचं साचलेलं सगळं सांगायच्या. मग पाय दुखायला लागले, छातीत धडधडायला लागलं. तपासण्या सगळ्या नॉर्मल.

मुरबाडकडे एका लग्नाला गेलो, तेव्हा वाट वाकडी करून त्यांना फांगण्याला नेलं, आजीबाईंची शाळा बघायला. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी मोतीराम दलाल ट्रस्टच्या मदतीने 8 मार्च 2016 रोजी ती सुरू केली. विद्यार्थिनी साठीपासून नव्वदीपर्यंतच्या. सगळ्यांना गुलाबी लुगडी, खांद्याला दप्तर, हातात पाटी. त्यात कितीतरी विधवा, आणि अंगावर तो झगझगीत गुलाबी रंग! शिकवणारी गावातलीच सून. तिची सासू समोर पाटी घेऊन बसलेली.

एक आजी पाटी पार नाकाशी धरून 'ग' काढत होती. शेजारची हळूच डोकावली, तशी हिने पाटीवर पदर ओढला. सासूबाई खुदकन हसल्या आणि थेट तिच्याजवळ जाऊन बसल्या. "तुझं म्हेर कंचं?" तिथून आवणी, बाळंतपणं, दोघींच्या सासवा असं सगळं निघालं. तासाभराने एक लांबचं नातंही सापडलं.

पेपरांनी कौतुक केलं ते अंगठ्याच्या जागी सही आली याचं. ते आहेच. मला मोलाची वाटली ती शाळेची वेळ. दुपारी दोन ते चार. घरातलं, रानातलं उरकून बाई निघते, आणि तेवढा वेळ तिला कुणी पाणी आण, पोराला घे म्हणत नाही. घरात कितीही माया असली तरी म्हाताऱ्या माणसाला बरोबरीचं माणूस लागतं. ती जागा सून-मुलाला भरता येत नाही.

आम्ही काही शाळा काढली नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये नाशिकच्या, जव्हारच्या, साताऱ्याच्या अशा मुलांनी आणून ठेवलेल्या बऱ्याच जणी होत्या. मी एका रविवारी दारोदार जाऊन त्यांना रोज दुपारी जिन्याखाली बसायला बोलावलं. कमिटीने खुर्च्यांना हरकत घेतली, तेव्हा सतरंजी आली. मग प्रत्येक घरचे भिजवलेले वाल तिथेच सोलले जाऊ लागले; बिरडं कुणाचं का असेना, हात सगळ्यांचे. सासूबाईंची धडधड कमी झाली. गोळी चालूच आहे, ती बंद करायची नाही.

हल्ली मी घरी येते तेव्हा सासूबाई म्हणतात, "आज लई बोलले, उद्या सांगते." गेल्या आठवड्यात बिरड्यात गूळ किती, यावरून त्यांचं आणि साताऱ्याच्या काकूंचं बिनसलं. दुपारी दोघी येतात मात्र वेळेवर. तोंडं फिरवून बसतात आणि जे बोलायचं ते नाशिकच्या मावशींमार्फत बोलतात.