गाडी खालून बघा

मंडळी, आज पिकाचं नाही, गाडीचं. आमची जीप 19 वर्षांची, वरून अजून चकचकीत. मिस्त्रींनी खाली घुसून मागच्या पाट्याचा हँगर चेसिसला बसतो तिथं हातोडी मारली. टण्ण वाजायचं तिथं भद्द वाजलं, पापुद्रे गळाले. चेसिस आतून पोकळ. चिखल, शेण आत साचतं, पाणी निघायची भोकं बुजतात. त्यात उसाचा पोटॅश सांडतो, तो तर क्लोराइडचं मीठच! गंज आतून पोखरत येतो. वरून काळा रंग मारला की नुसता दिसायचा बंद होतो. हँगर चालत्या गाडीत सुटला तर मागचा अॅक्सल तिरका होतो, मग स्टेअरिंग कितीही आवळा. मिस्त्री म्हणाले, "पट्टी मारतो, पण पोरं बसवू नका दादा." गाडी सध्या ठोकळ्यांवर उभीय. पोरं वडापनं शाळेला जातायत.