रिकीब

बहिरी माणसे मोठ्याने बोलतात, असा सर्वांचा समज. आमची आई मात्र इतके हळू बोलायची, की आंबीतल्या बायका तिला 'फार सोशिक' म्हणत. दुसऱ्या बाळंतपणानंतर मीही हळूहळू तशीच सोशिक होऊ लागले!

कानाच्या पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन चिमुकली हाडे असतात. रिकीब सर्वांत लहान, जेमतेम ३ मिलिमीटरची. ती हलली तर आवाज आतल्या कानात पोचायचा. काही घराण्यांत तिच्या बुडाशी नवे हाड धरते आणि ती रुतून बसते. मग बाहेरचा आवाज अडतो. आपला मात्र कवटीतून घुमतो. म्हणून माणूस आपोआप हळू बोलू लागतो. गोंगाटात मात्र त्याला बरे ऐकू येते, कारण तिथे बोलणारेच आवाज चढवतात. तळेगावच्या एस.टी.त माझ्या कानांविषयी कोणाला शंकाही आली नसती. घरी, इंद्रायणीकाठच्या शांततेत, सुनेचा शब्द कळेना.

डॉक्टरांनी नादकाटा कानामागच्या हाडावर टेकवला. तिथे आवाज स्वच्छ आला. म्हणजे नस शाबूत होती. १९५६ साली अमेरिकेत डॉ. जॉन शे यांनी रुतलेली रिकीब काढून टेफ्लॉनची बसवली. आपल्या तव्यावर असते तेच टेफ्लॉन! पण शंभरांत एखाद्याचा तो कान कायमचा जातो, हेही डॉक्टरांनी लपवले नाही. घरचे म्हणाले, "येतंय तेवढं पुरे की!" मी म्हटले, "तुम्हाला पुरे असेल. ऐकायचंय मला."

कान तेवढा बधिर केला. मी जागीच होते. "काकू, येतंय का ऐकू?" डॉक्टरांनी हलकेच विचारले. आले! पुढे काही आठवडे नाक शिंकरायचे नाही, ओझे उचलायचे नाही. चहाला पितळेची चव. जिभेची एक नस त्याच वाटेने जाते ना!

आता नातीची कुजबुज कळते, आणि माझ्याविषयीचीही.

मी आईच्या बोलण्याचे वर्णन केले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तेच असावं." आई १९८९पर्यंत होती. म्हणजे इलाज निघाल्यावरही ती तेहतीस वर्षे त्या शांततेत बसून होती. वडीलधारे म्हणतात, तिने कधी काही मागितलेच नाही.

मागितलेही असेल. पण हळू.