वाडा, बाडा आणि बरणी

आमच्या गोव्यात वाडा म्हणजे गावातली वस्ती. पुण्याकडे वाडा म्हणजे चौकांचं मोठं घर. आणि ग्वाल्हेरचा महाराज बाडा म्हणजे लष्कर भागातला गजबजलेला चौक. शब्द ऐकून कसला वाडा ते कळत नाही, विचारावं लागतं.

ग्वाल्हेरला माझा भाचा जावाचं काम करतो. त्याच्याकडे गेलो तेव्हा तो तीन दिवस एकाच जागी अडला होता. मी कला शाखेचा, त्यात सरकारी कारकून. पण अडलेली फाईल मला लगेच ओळखू येते. म्हटलं, सांग बाबा.

मावेन नावाचं साधन आपल्या प्रोग्रामला लागणारे, दुसऱ्यांनी लिहिलेले भाग मागवून आणतं. मागणीत गट, नाव, आवृत्ती लिहायची. आणखी एक रकाना प्रकाराचा. तो कोरा ठेवला तर मावेन 'जार' असंच धरून चालतं. (जार म्हणजे बरणी, हे मी मनात ठरवून टाकलं. कोऱ्या रकान्याचा अर्थ परस्पर लावणं आम्हा कारकुनांना काही नवीन नाही.) भाच्याला हवा असलेला भाग मात्र दुसऱ्या गटाने 'वॉर' म्हणून बांधला होता. वॉर म्हणजे युद्ध नव्हे. अख्खं वेब अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर चढवायची पेटी. त्या नावाची बरणी कुठेच नव्हती, म्हणून मावेन अडलं.

गंमत अशी की इक्लिप्समध्ये सगळं बिनचूक! दोन्ही प्रकल्प तिथं शेजारी शेजारी उघडे. त्यामुळे बरणी की पेटी हे न बघता इक्लिप्स थेट शेजारच्या घरातून कोड उचलत होतं. साहेब म्हणत, बिल्ड मोडतोय. हा म्हणे, माझ्याकडे चालतंय. दोघंही खरं बोलत होते. ऐकून घ्यावं लागत होतं ते भाच्याला.

मग त्याने रकान्यात 'वॉर' लिहून पाहिलं. पेटी आली, पण कोड तिच्या आतल्या कप्प्यात, आणि कंपायलर तिथं डोकावत नाही.

संध्याकाळी त्याला ओढून बाड्यावर नेलं. तिथलं व्हिक्टोरिया मार्केट २०१० साली आगीत जळालं. पुढे दुरुस्त झालेल्या त्या इमारतीत २०२४ साली भूविज्ञान संग्रहालय सुरू झालं. लोकांच्या तोंडी नाव अजून मार्केटच. मी म्हटलं, "इथं कुणी चपला घ्यायला आला तर?"

"मामा, माझं तेच झालंय," तो पहिल्यांदाच हसला.

उपाय दोन होते. वॉर बांधतानाच आतला कोड वेगळ्या जारमध्येही काढून ठेवायचा, म्हणजे नावापुढे एक शेपूट लावून ती मागवता येते. किंवा दोघांना लागणारा कोड मुळातच वेगळ्या प्रकल्पात न्यायचा. दुसरा स्वच्छ, पण त्याला दुसऱ्या गटाच्या साहेबांचा होकार हवा. भाच्याने तोच धरला. काम अर्ध्या दिवसाचं. होकाराला आठवडा गेला.