तिसरा आणि चौथा

बेसबॉलच्या स्कोअरबोर्डवर शेवटी तीन रकाने असतात. पहिला धावांचा, दुसरा हिट्सचा आणि तिसरा चुकांचा. माझ्या माहितीत चुकांसाठी कायमचा, सगळ्यांना दिसेल असा रकाना ठेवणारा दुसरा खेळ नाही. क्रिकेटमध्ये कॅच सुटला तर गल्लीत शिव्या बसतात, पण स्कोअरबुकात त्याची नोंद नसते. बेसबॉलमध्ये असते, तीही क्रमांकासकट. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५. मी तिसऱ्या बेसवर उभा राहायचो. माझ्या नावावर २०१३ सालची एक नोंद आहे: ई ५.

पुण्यात बेसबॉल खेळलो असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "कुठे?" तर, पर्वतीच्या पायथ्याजवळच्या एका मैदानावर. अर्ध्या भागात क्रिकेटच्या तीन मॅचेस एकमेकींत घुसलेल्या असायच्या आणि कोपऱ्यात आम्ही. आमच्या सरांचं गणित सरळ होतं. क्रिकेटमध्ये जिल्ह्याच्या संघात जायचं तर हजार मुलांना मागे टाकावं लागतं. बेसबॉल-सॉफ्टबॉलमध्ये संघ कमी, म्हणून संधी जास्त. खेळाडूंना दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात आणि पुढे सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण असतं. "खेळावर प्रेम नंतर करा, आधी फॉर्म भरा," असं सर म्हणायचे. आमच्यातल्या निम्म्या मुलांना ग्लोव्ह डाव्या हातात घालायचा की उजव्या, हे माहीत व्हायच्या आधी पाच टक्के आरक्षण माहीत होतं.

मला त्याची फारशी गरज नव्हती. वडील बँकेत, आई शिक्षिका, मी अकरावीपासून इंजिनिअरिंगच्या क्लासला. घरी बेसबॉल म्हणजे 'मुलाला व्यायाम होतो' एवढंच. आमच्या कॅचरचं तसं नव्हतं. तो दांडेकर पुलाजवळ राहायचा, वडील रिक्षा चालवायचे आणि त्याला पोलिसात जायचं होतं. वयाच्या सतराव्या वर्षी त्याच्याइतका स्पष्ट बेत असलेला दुसरा मुलगा मी पाहिला नव्हता. धावण्याची तयारी वेगळी, लेखी परीक्षेची वेगळी आणि खेळाडूंच्या कोट्यासाठी बेसबॉल. त्या कोट्यासाठी स्पर्धेत पहिल्या तीन क्रमांकांत यावं लागतं. चौथा आलात तर सहभागाचं प्रमाणपत्र मिळतं. ते फ्रेम करून भिंतीवर लावता येतं, बाकी काही नाही.

राज्य स्पर्धा विदर्भातल्या एका शहरात होती. सेमीफायनल हरलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या क्रमांकासाठीची मॅच. शेवटची इनिंग, आम्ही ५-४ असे पुढे. समोरच्यांची बॅटिंग, दोन आउट, त्यांचे धावपटू दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर. माझ्याकडे जमिनीवरून चेंडू आला. अवघड नव्हता, नीट उचललाही. पहिल्या बेसकडे फेकायला भरपूर वेळ होता. बहुधा तोच नडला. चेंडू पहिल्या बेसवाल्याच्या डोक्यावरून थेट बाजूच्या पत्र्यावर जाऊन आपटला. दोन धावा झाल्या. ५-६.

परतीच्या गाडीत कॅचर माझ्या शेजारीच बसला होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "चेंडू ओला होता रे." चेंडू ओला नव्हता. डिसेंबरातली सकाळ असली तरी ऊन चांगलं वर आलं होतं. पण त्याने तसं म्हटलं, मी मान डोलावली आणि पुढची दहा वर्षं आम्ही दोघं चेंडू ओला होता असंच धरून चाललो.

मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. चौथ्या क्रमांकाने माझं एका गुणाचंही नुकसान झालं नाही. त्याने पोलीस भरती दोनदा दिली. दोन्ही वेळा थोडक्यात राहिला. मग चाकणच्या एका गोदामात कंत्राटी सुपरवायझर म्हणून लागला.

हे सगळं पुन्हा वर आलं ते ७ ऑक्टोबर २०२३ला. हांगझोऊ एशियाडचा शेवटून दुसरा दिवस. त्या सकाळी आमचा सोसायटीचा ग्रुप कबड्डीने भरून वाहत होता. भारताच्या मुलींनी फायनलमध्ये चायनीज तैपेईला, म्हणजे तैवानला, २६-२५ असं हरवलं होतं. ते भारताचं त्या स्पर्धेतलं शंभरावं पदक. संघात पुण्याची स्नेहल शिंदे होती, त्यामुळे आनंद जरा जास्तच. गटातल्या मॅचमध्ये याच तैवानने भारताला ३४-३४ असं रोखलं होतं, तरी तैवानच्या मुलींबद्दल कुणी एक शब्द लिहिला नव्हता. एका गुणाने हरलेल्यांबद्दल कोण लिहितं?

त्याच दिवशी तैवानची आणखी एक फायनल होती, बेसबॉलची. समोर दक्षिण कोरिया. ही आठवण मला करून दिली ती आमच्या क्लायंटच्या सोलमधल्या टीममधल्या एका इंजिनिअरने. तो माझ्याच वयाचा, एरवी कामापुरतं बोलणारा. पण त्या आठवड्यात प्रत्येक कॉलच्या शेवटी बेसबॉलचा विषय काढायचा, कारण कोरिया गटातल्या मॅचमध्ये तैवानकडून ४-० हरला होता. मी म्हटलं, "फायनलला आलात ना? किमान रौप्य तर नक्की." तो म्हणाला, "रौप्याचा काय उपयोग?"

मग त्याने समजावून सांगितलं. कोरियात धडधाकट तरुणाला सैन्यात जावंच लागतं, पायदळात १८ महिने. खेळाडूंना यातून सूट मिळवायचे दोनच मार्ग: ऑलिंपिकचं कोणतंही पदक किंवा एशियाडचं सुवर्ण. एशियाडचं रौप्य आणि सहावा क्रमांक यांत सैन्यभरतीच्या टेबलावर काहीच फरक नाही. पिचरच्या खांद्याला ऐन विशीत १८ महिन्यांचा खंड म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. या माझ्या मित्राने स्वतः ते १८ महिने काढले होते. "मला चांगला कोड लिहितो म्हणून कुणी सूट दिली नाही," असं म्हणून तो हसला. त्याला आपला संघ जिंकायला हवा होता आणि त्या पोरांचा थोडा रागही होता. दोन्ही खरं होतं.

या सवलतीवरून कोरियात रणकंदन झालेलं आहे. २०१८च्या जकार्ता एशियाडमध्ये त्यांनी फायनलमध्ये जपानला ३-० हरवलं, तरी मायदेशी स्वागत थंड झालं. भरतीचं वय जवळ आलेल्या खेळाडूंना सूट मिळावी म्हणून संघात घेतलं, असा आरोप झाला. एकेकाळचे महान पिचर असलेले प्रशिक्षक सन दोंग-योल यांना संसदेच्या समितीपुढे उत्तरं द्यावी लागली आणि काही आठवड्यांत त्यांनी राजीनामा दिला. सुवर्णपदक जिंकून राजीनामा देणारा प्रशिक्षक! म्हणून हांगझोऊला कोरियाने मुख्यतः पंचविशीच्या आतली पोरं पाठवली होती.

त्या रात्री मी एशियाडच्या बेसबॉलचा सगळा इतिहास वाचून काढला. १९९४ला हिरोशिमात बेसबॉल पदकांचा खेळ झाला, तेव्हापासून हांगझोऊपर्यंत आठ स्पर्धा, चोवीस पदकं. ती चोवीसच्या चोवीस तीनच संघांनी घेतली आहेत: कोरिया, जपान आणि तैवान. कोरियाची सहा सुवर्णं, जपानचं पहिलं, तैवानचं २००६चं दोहातलं. तिघांचा क्रम बदलतो, पण त्या तिघांत चौथा शिरत नाही.

त्यांच्यात तरी पदकाची किंमत कुठे सारखी आहे? जपान एशियाडला आपले नामांकित व्यावसायिक पाठवत नाही, कंपन्यांच्या संघांतले खेळाडू पाठवतो. ही माणसं कंपनीत नोकरीला असतात आणि कंपनीसाठी खेळतात. दोहामध्ये अशा नोकरदारांनी कोरियाच्या व्यावसायिकांना १०-७ असं हरवलं होतं. एका बाजूला हरल्यास सैन्यात जाणारे आणि दुसऱ्या बाजूला मॅच संपली की कंपनीत परतणारे. त्या स्पर्धेत कोरियाला कांस्य मिळालं. म्हणजे पदक मिळालं, सूट नाही.

आणि चीन. २०१० ते हांगझोऊ, सलग चार स्पर्धांत चीन चौथा आहे. हांगझोऊला तर घरच्या मैदानावर त्यांनी गटात जपानला १-० हरवलं. पुढे कांस्यपदकासाठी पुन्हा जपानच समोर आला आणि चीन ४-३ हरला. मी तो स्कोअर बराच वेळ बघत बसलो. एका धावेने, तिसऱ्या क्रमांकासाठी. त्यांच्यात एखाद्याच्या नावावर काय नोंद झाली असेल, ते मी मुद्दाम शोधलं नाही.

फायनल कोरियाने २-० जिंकली. दोन्ही धावा दुसऱ्याच इनिंगमध्ये झाल्या आणि मग फक्त धरून ठेवायचं होतं. कोरियाचा पिचर मून दोंग-जू १९ वर्षांचा, पाच दिवसांपूर्वी याच तैवानविरुद्ध सुरुवात करून हरलेला. त्याने सहा इनिंग्ज एकही धाव दिली नाही. नवव्या इनिंगमध्ये तैवानचे दोघे बेसवर होते, एक आउट. एक चेंडू जमिनीवरून आला, डबल प्ले, मॅच खलास. तो चेंडू उचलणाऱ्याने नीट फेकला, एवढंच म्हणता येईल. त्याच्या एका फेकीवर संघातल्या बहुतेकांचे १८-१८ महिने होते.

सोलमधून मेसेज आला: "सुटले." मी अभिनंदन पाठवलं आणि लॅपटॉप मिटला.

आमच्या कंपनीत सिस्टिम बंद पडली की नंतर एक अहवाल लिहावा लागतो. त्यात कुणाचंही नाव घालायचं नाही असा दंडक आहे. 'चुकीचा बदल लाइव्ह गेला' असं लिहायचं, 'अमक्याने टाकला' असं नाही. दोष माणसाचा नसून प्रक्रियेचा असतो, हे मी नव्या मुलांना दर सहा महिन्यांनी शिकवतो आणि ते मला मनापासून पटतं. पण त्या रात्री लक्षात आलं की 'चेंडू ओला होता' हाही तसाच अहवाल होता. नावाशिवाय लिहिलेला. फरक इतकाच की तो लिहिला होता नुकसान झालेल्याने, आणि मी नुसती सही केली होती.

पुढच्या रविवारी सकाळी मी मैदानावर गेलो. तो तिथे दहा-बारा मुलांना शिकवतो, फुकट. क्रिकेटच्या मॅचेस अजून एकमेकींत घुसलेल्या होत्या. मुलं पाणी प्यायला गेल्यावर मी म्हटलं, "तेव्हा चेंडू ओला नव्हता."

तो ग्लोव्हची दोरी आवळत होता. मान वर न करता म्हणाला, "माहितेय की. मीच सारखा हातात घेत होतो."

"मग तसं का म्हणालास?"

"गाडीत बारा तास होते. तू रडायला लागला असतास."

मी विचारलं, राग नव्हता का आला? तो म्हणाला, "आला ना. दोन-तीन वर्षं होता. भरतीचा निकाल लागला की यायचा. मग लग्न झालं, पोरगी झाली, शिफ्ट लागली. रागाला टाइम कुठंय?" मग थोडं थांबून म्हणाला, "पण तू कधीच काही बोलला नाहीस, त्याचा अजून येतो कधीतरी."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. सॉरी म्हटलं. दहा वर्षं उशिरा म्हटलेलं सॉरी किती लहान वाटतं! त्याने फक्त "बरं" म्हटलं आणि स्कोअरबुक माझ्या हातात दिलं. "येतोयस तर हे धर. मला एकट्याला शिकवणं आणि लिहिणं जमत नाही."

तेव्हापासून जमेल त्या रविवारी मी जातो आणि स्कोअर लिहितो. फॉर्मही भरतो, कारण ऑनलाइन फॉर्म म्हटलं की पालक माझ्याकडे बोट दाखवतात. या मुलांतही दोघं-तिघं असे आहेत ज्यांना तिसरा की चौथा याने खरोखर फरक पडणार आहे. ते कोण, हे त्यांच्या खेळावरून ओळखता येत नाही. फॉर्मवरच्या पालकांच्या व्यवसायाच्या रकान्यावरून ओळखता येतं.

मागच्या महिन्यात सराव मॅचमध्ये तिसऱ्या बेसवरच्या तेरा वर्षांच्या मुलाने चेंडू पहिल्या बेसवाल्याच्या डोक्यावरून फेकला. मी लिहिलं: ई ५. इनिंग संपल्यावर तो माझ्या खांद्यावरून वहीत डोकावला. "दादा, हे माझं आहे?"

"हो."

"सरांना दाखवणार?"

"सरांनी बघितलंय. ते तिथेच होते."

तो जरा वेळ वहीकडे बघत राहिला. मग पळत कॅचरकडे गेला आणि काहीतरी बोलला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. कॅचरने मास्क डोक्यावर सरकवून त्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं, एवढं दिसलं.