दोनशे अंशांची कानटोपी

निवृत्त माणसाला स्वच्छतेचा झटका येणं हे घराच्या दृष्टीने भूकंपाइतकंच धोक्याचं असतं. भूकंप निदान सगळ्या वस्तूंना सारखा हलवतो. निवृत्त माणूस नेमक्या चालू वस्तू निवडून साफ करतो.

गेल्या १९ फेब्रुवारीला आमचा नातू शिवजयंतीसाठी मित्रांबरोबर शिवनेरीवर गेला होता. सौ. पापड वाळत घालत होती. मी वर्तमानपत्र दोनदा वाचून संपवलं होतं. अशा वेळी माझी नजर नातवाच्या टेबलावरच्या यंत्राकडे गेली. ह्याला थ्री-डी प्रिंटर म्हणतात. कागदावर अक्षरं उमटवण्याऐवजी हा प्लॅस्टिकची बारीक शेवई घालत घालत थरावर थर चढवतो आणि अख्खी वस्तू उभी करतो. ते प्लॅस्टिकही मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून करतात म्हणे. म्हणजे आमच्या जुन्नर-आंबेगावच्या उसाला आता साखर, गूळ आणि बिबट्या ह्यांच्याखेरीज आणखी एक गिऱ्हाईक झालं.

तर ह्या यंत्राच्या नाकाशी मला एक घाणेरडं बोचकं दिसलं. करपलेला कापूस, त्यावर तपकिरी पडलेली, सुटत आलेली पट्टी, त्याला प्लॅस्टिकचे ओघळ. उंदरानं घर केलं असावं असं मला वाटलं. मी चिमटा घेतला, जुना दातघासणीचा ब्रश घेतला आणि पाऊण तास खपून ते सगळं खरवडून काढलं. खालून ॲल्युमिनियमचा चकचकीत ठोकळा निघाला. मी सौ.ला हाक मारून दाखवलासुद्धा. ती म्हणाली, "बघा हं, कामाचं असेल काहीतरी." पस्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी किमान पस्तीस वेळा ऐकलं असेल, आणि दर वेळी नंतर ते खरं ठरलं आहे.

संध्याकाळी नातवाने यंत्र सुरू केलं. त्याला २०५ अंश हवे होते. आकडे चढले, चढले, आणि १७० च्या आसपास पंखा लागल्याबरोबर रेंगाळले. मग उतरू लागले. यंत्राने कर्कश शिट्टी मारली, पडद्यावर 'हीटिंग फेल्ड' अशी अक्षरं आली आणि सगळं ठप्प झालं. नातवाने वाकून पाहिलं.

"आजोबा, इथलं इन्सुलेशन कुठे गेलं?"

मी म्हणालो, "उंदीर असेल."

आता हे सांगायला मला लाज वाटते. चौतीस वर्षं मी हायस्कुलात विज्ञान शिकवलं. आठवीला उष्णतेचे सुवाहक आणि दुर्वाहक. लोकर ऊब निर्माण करत नाही, तिच्या तंतूंत अडकलेली हवा अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही, हे वाक्य मी इतक्या पिढ्यांकडून पाठ करून घेतलं आहे की झोपेत विचारलं तरी सांगीन. आणि मीच, अंगात स्वेटर अन् डोक्याला कानटोपी घालून, त्या बिचाऱ्या तापलेल्या ठोकळ्याची कानटोपी ओरबाडून काढली होती. शेजारी पंखा प्लॅस्टिक गार करायला वारा घालतो. उघड्या ठोकळ्याला तो लागतो. हीटर तापवतो, पंखा निववतो. तापमान चढत नाही म्हटल्यावर यंत्र आग नको म्हणून आपणहून बंद पडतं. त्यातली अक्कल यंत्राची.

प्रकरण गंभीर होतं, कारण २८ फेब्रुवारी आली होती. विज्ञान दिनाला खोडदच्या जीएमआरटीत प्रदर्शन भरतं. प्राध्यापक गोविंद स्वरूप ह्यांनी आमच्या शिवारात उभी केलेली ती दुर्बीण: ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. तबकडी म्हणजे पत्रा नव्हे, तारांची जाळी. त्यातून वारा पार होतो म्हणून ती हलकी. नातवाला शाळेतर्फे तिचं मॉडेल न्यायचं होतं. पंधरा सेंटिमीटरचं, म्हणजे तीनशे पटींनी लहान, आणि जाळीसकट. नुसती तबकडी छापायला नऊ तास लागणार होते.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेल्यावर मी नारायणगावच्या बाजारात उतरलो. नातू बोलता बोलता 'कॅप्टन टेप' म्हणाला होता. दुकानदार म्हणाला, "कॅप्टन नाही, दुसऱ्या कंपनीचा देऊ का?" त्याने वायरींचा काळा टेप दिला. मी घरातला कापूस गुंडाळला, वरून टेप मारला आणि यंत्र लावलं. काळा टेप ऐंशी अंशांच्या पुढचा नाही हे मला ठाऊक असायला हवं होतं. शंभर ओलांडताच तो आक्रसला, चुरचुरला आणि घरभर असा वास सुटला की सौ. स्वयंपाकघरातून गॅस बंद करून धावत आली. मी यंत्राचं बटण बंद केलं आणि म्हणालो, "काही नाही, प्रयोग चाललाय." ती काही बोलली नाही. खिडक्या उघडल्या आणि पुन्हा पापडांकडे गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

मग मी एसटीने घोड नदी ओलांडून मंचरला गेलो. तिथे माझा एक जुना विद्यार्थी मोटारी भरतो. मोटारी भरतो म्हणजे विहिरीवरच्या पंपांची जळालेली वाइंडिंग काढून नवी घालतो. शाळेत त्याचं आणि विज्ञानाचं फारसं जमलं नाही. लोकरीचे कपडे ऊबदार का असतात, ह्या दोन मार्कांच्या प्रश्नाला त्याने 'कारण मेंढीला थंडी वाजत नाही' असं उत्तर लिहिलं होतं. मी त्याला शून्य दिलं होतं आणि ते उत्तर वर्गात मोठ्यांदा वाचून दाखवलं होतं. सगळा वर्ग हसला होता. मीही हसलो होतो.

"या सर," म्हणाला. खुर्ची पुसली. चहा सांगितला. माझी कथा त्याने न हसता ऐकून घेतली.

"दोनशे पाच? अवघड हाय सर. आमच्यात अ वर्ग सगळ्यात कच्चा. कागद, सुती फीत, व्हार्निश. एकशे पाचला खलास. बी एकशे तीस, एफ एकशे पंचावन्न, आन् एच वर्ग एकशे ऐंशी."

जन्मभर अ तुकडी हुशार समजणाऱ्या मास्तराला हे पचवायला जरा वेळ लागला.

"म्हंजी तुमच्या यंत्रात आमचा एचसुद्धा नापास. पट्टी ती पिवळी पाहिजे. मोबाईलवाल्याकडं मिळती, गरम हवा मारताना ते बाजूचे पार्ट झाकत्यात तिनं. अडीचशेला बी हूं का चूं करत न्हाय."

उपग्रहांना जी सोनेरी गुंडाळी दिसते त्या जातीची ही पट्टी, हे मला नंतर कळलं. मोबाईलवाला आमच्या घरापासून चौथं दुकान.

मग त्याने व्हार्निश लावलेल्या मोटारी वाळवायच्या भट्टीमागून पांढऱ्या लोकरीचा तुकडा काढला. सिरॅमिक वूल. "पूर्वी आम्ही ॲस्बेस्टॉसची दोरी लावायचो. आता हात बी लावत न्हाय, छातीला वाईट. हे बी उघड्या हातानं न्हाय धरायचं सर, कुसं घुसत्यात. तोंडाला फडकं बांधा." पैसे घेतले नाहीत. दाराशी येऊन एवढंच म्हणाला, "नाक उघडं ठेवा, गळा उघडा ठेवा. फकस्त गाल झाका."

त्या रात्री नातवाला मी सांगितलं की उंदीर मीच. तो म्हणाला, "माहीत होतं. ब्रश तिथेच होता." दोघांनी मिळून काम केलं. यंत्राची पिन काढून ठेवली, तोंडाला फडकी बांधली, हातमोजे चढवले. तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरच्या तारा केसाएवढ्या, त्या ओढायच्या नाहीत. ठोकळ्याभोवती लोकर, तिच्यावर पिवळ्या पट्टीचे तीन वेढे. खाली पितळेचं टोक उघडं. वर गळ्याशी लोकर जाऊ द्यायची नाही. गळा गार राहिला नाही तर प्लॅस्टिक वरच वितळतं आणि घशात अडकतं. माझा हात थरथरत होता, म्हणून शेवटचा वेढा नातवाने घातला.

आकडे चढले. १७०. पंखा लागला. १८०, १९०, २०५. थांबले.

तबकडी पहाटेपर्यंत होणार होती. नातू जागा राहणार होता, म्हणून मीही. साडेदहाला मंचरहून फोन आला.

"टेंपरेचर थांबलं का सर?"

"थांबलं. दोनशे पाच."

"मग त्या मेंढीला अर्धा मार्क तरी द्या आता."

मी म्हणालो, "दोन दिले. वर्गात वाचून दाखवीन." तो हसला आणि त्याने फोन ठेवला. नातू यंत्रावरची नजर न हलवता म्हणाला, "आणि आजोबा, तुम्हाला किती?"