बाबांची नारिंगी कॅप्सूल

बाबांचं वय ६४. त्यातली चाळीसेक वर्षं सिगारेट ओढण्यात गेली, अजून ती सुटलेली नाही. दिवाळीत नात्यातल्या एकाने त्यांच्या गळ्यात अँटिऑक्सिडंट कॅप्सूलची डबी मारली. ‘फ्री रॅडिकल्सचा नायनाट’ असं डबीवर ठसठशीत छापलंय. मागे बारीक अक्षरात घटक आहेत, आणि त्यात पहिलंच नाव बीटा-कॅरोटीन. माझी नजर तिथंच अडकली.

रेणूतले इलेक्ट्रॉन सहसा जोडीनं राहतात. एखादा एकटा पडला की तो रेणू फ्री रॅडिकल होतो. श्वासातल्या ऑक्सिजनचं आपल्या पेशींत, मायटोकॉन्ड्रियात, पाणी होतं. त्या वाटेवर थोडे इलेक्ट्रॉन मधेच गळतात, ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड तयार होतं. त्याचं पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. त्याला मोकळं लोह भेटलं, की हायड्रॉक्सिल रॅडिकल. हा सगळ्यांत द्वाड. जन्मला तिथंच, समोर येईल त्याला धडकतो; मग ते डीएनए असो, प्रथिन असो, नाहीतर पेशीच्या आवरणातली चरबी. चरबीत तर एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, अशी साखळीच लागते. सिगारेटच्या धुरातून असे रॅडिकल बाहेरूनही येतात, ते वेगळंच.

म्हणजे डबीवरचं पहिलं वाक्य थाप नाही. डेन्हम हार्मन यांनी १९५६ साली म्हातारपणाचं खापरच या रॅडिकलवर फोडलं होतं. शिवाय भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी दिसत होता. मग त्यातलं बीटा-कॅरोटीन गोळीतून दिलं तर? गणित इतकं सरळ होतं, की ते तपासायची गरज वाटली हेच मला कौतुकाचं वाटतं.

फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुषांवर ते तपासलं. सगळे सिगारेट ओढणारे, वय ५० ते ६९, म्हणजे बाबाच. निकाल १९९४ मध्ये आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. जास्त! अमेरिकेतल्या अशाच एका चाचणीत बीटा-कॅरोटीनसोबत अ जीवनसत्त्वही होतं. तिथं आकडा २८ टक्क्यांवर गेला आणि १९९६ च्या जानेवारीत ती मुदतीआधीच थांबवावी लागली.

कारणाबद्दलचा एक अंदाज असा, की धुरानं भरलेल्या फुप्फुसात बीटा-कॅरोटीनचीच मोडतोड होते आणि ते तुकडे त्रास देतात. पण मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. शरीराला रॅडिकल हवेही असतात. पांढऱ्या पेशी जंतू मारायला मुद्दाम सुपरऑक्साइड बनवतात. ज्या मुलांना जन्मतः ते जमत नाही, त्यांना पुन्हा पुन्हा गंभीर जंतुसंसर्ग होतात. जास्तीचं आवरायला पेशीकडे स्वतःची एन्झाइम्स आहेत. नायनाट कुणीच मागितलेला नाही.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. गाजर खुशाल खा, गोळी नको, असंही म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे सिगारेट नसती, तर गोळी चालली असती?”

“तेव्हा गोळीची गरजच काय, बाबा?”

डबी त्यांनी त्याच दिवशी नातेवाइकाला परत केली. सिगारेटचं पाकीट मात्र अजून शर्टाच्या खिशात आहे, आणि आमचं भांडण आता फक्त त्यावरून होतं.