सॅलिसबरीचें मंदिर आणि नगरची रांग

परदेशच्या प्रवासाच्या हकीकती लिहिणारे बहुधा तेथील राजवाडे, वस्तुसंग्रहालयें आणि उद्यानें यांचें वर्णन करितात. आमच्या वेळीं यांपैकीं बहुतेकांचे दरवाजे बंद होते. 2020 च्या फेब्रुवारींत कन्येच्या बाळंतपणासाठीं आम्ही उभयतां नगरहून इंग्लंडांत गेलों, ते सहा महिन्यांनीं परतण्याच्या बेतानें. परंतु मार्चच्या तेविसाव्या तारखेस तेथें टाळेबंदी पुकारली गेली, त्याच सुमारास भारताकडे येणारीं विमानेंहि थांबलीं, आणि आमचा मुक्काम दीड वर्षावर गेला.

सॅलिसबरी हें विल्टशायर परगण्यांतील लहानसें शहर. गांवाच्या कोणत्याहि बाजूनें गेलें तरी प्रथम दृष्टीस पडतो तो तेथील कॅथीड्रलचा, म्हणजे महामंदिराचा, मनोरा. नगरच्या आसमंतांत फिरतांना डोंगरावरील चांदबिबीचा महाल (वस्तुतः तो सलाबतखानाचा मकबरा) जसा नजरेआड होत नाहीं, तसाच हा. त्याची उंची 404 फूट असून, इंग्लंडांतील कोणत्याहि मंदिरावर इतका उंच मनोरा नाहीं. मंदिराच्या बांधकामास 1220 सालीं आरंभ झाला. मॅग्ना कार्टा या 1215 च्या प्रसिद्ध सनदेच्या चार मूळ प्रती आज शिल्लक आहेत. त्यांपैकीं एक येथें जपून ठेविली आहे.

आमचें जग मात्र चार खोल्यांपुरतें होतें. नगरहून नेलेले डिंक, हळीव आणि सुंठ यांवर कन्येचें बाळंतपण निभावलें. जांवईबापूंची कचेरी घरांतच भरे. त्यामुळें त्यांची बैठक चालू असतां कुकरची शिटी होऊं न देणें हें माझें एक नवें कर्तव्य झालें. दर गुरुवारीं रात्रीं आठ वाजतां सारी आळी दारांत उभी राहून डॉक्टर-परिचारिकांसाठीं टाळ्या वाजवी. 22 मार्चच्या सायंकाळीं नगरांत थाळ्या वाजल्या होत्या, त्यांची तेव्हां आठवण होई.

नातीस क्षयाची लस द्यावयाची ठरली, तेव्हां मला एक नवल समजलें. त्या देशांत ही लस सरसकट सर्व बालकांस देत नाहींत. परंतु आईबाप किंवा आजीआजोबा यांपैकीं कोणाचा जन्म क्षयाचें प्रमाण अधिक असलेल्या देशांत झाला असेल, तर त्या बालकास ती देतात. म्हणजे आजी नगरला जन्मली, म्हणून नातीच्या दंडावर सॅलिसबरींत सुई! कुटुंबाचा धागा सरकारी नियमांतहि असा कोठें कोठें दिसतो.

2021 च्या जानेवारींत त्या महामंदिरांतच लस टोचण्याचें केंद्र उघडलें. वयाच्या क्रमानें बोलावणें येई. आम्हां सत्तरी ओलांडलेल्यांचें लौकरच आलें. उंच कमानींखालीं अंतराअंतरानें खुर्च्या मांडलेल्या होत्या, आणि आपल्या पाळीची वाट पाहणाऱ्यांचें मन स्थिर राहावें म्हणून ऑर्गन हें वाद्य वाजत होतें. शुल्क नव्हतें, आणि आम्ही पाहुणे म्हणून आमच्यांत कोणी दुजाभाव केला नाहीं. दुसरी मात्रा बारा आठवड्यांनीं.

रात्रीं मीं नगरला थोरल्या जाऊबाईंस ही हकीकत सांगितली. भारतांतहि 16 जानेवारीस लसीकरण सुरू झालें होतें. साठीपुढील लोकांची पाळी 1 मार्चपासून आली. जाऊबाईंचें वय अठ्ठ्याहत्तर. पण त्या जाईनात. "मला ताप आला तर घरांतल्या चौघांचं कोण करील?" हें त्यांचें म्हणणें. ती भीति अज्ञानाची नव्हती. जिच्या हातांवर घर चालतें त्या बाईची होती. एप्रिल उजाडला आणि दुसरी लाट आली. शेजारच्या वाड्यांतून एका आठवड्यांत दोन माणसें गेलीं. जाऊबाई निघाल्या, तों महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं लसीचा तुटवडा पडलेला. दोन वेळां त्या पहाटे रांगेंत उभ्या राहून परत आल्या.

"तुम्हांला देवळांत बसवून, वाद्यं वाजवून टोचलं," त्या मला म्हणाल्या, "आम्ही उन्हांत उभं राहून 'लस संपली' ही पाटी वाचून आलों!" त्यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. आमच्या दोन मात्रा तोंवर पुऱ्या झाल्या होत्या, आणि जगांतील सर्वांत मोठा लसींचा कारखाना, पुण्याची सीरम संस्था, त्यांच्या घरापासून तीन तासांच्या वाटेवर. त्याच संस्थेंत तयार झालेल्या ऑक्सफर्डच्या लसीच्या पन्नास लाख मात्रा मार्चमध्यें इंग्लंडांत आल्या होत्या.

लस एका देशांतून दुसऱ्या देशांत जाते ही गोष्ट मात्र नवी नव्हे. ग्लॉस्टरशायरमधील बर्कले गांवीं डॉक्टर जेन्नर यांनीं 1796 सालीं गाईच्या देवीची लस एका मुलास प्रथम टोचली. ती बगदाद, बसरा या मार्गानें, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी मुंबईस पोंचली, आणि 14 जून 1802 रोजीं ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस टोचली गेली. भारतांतील ती पहिली लस. आपल्या आज्या जिला 'देवी काढणें' म्हणत, ती हीच. 1980 सालीं जगांतून देवीचा रोग नष्ट झाल्याचें जाहीर झालें. आमच्या पिढीच्या दंडांवरील वण तेवढे राहिले.

ह्या वणांनींच शेवटीं काम केलें. "वहिनी, तुमच्या दंडावर दोन वण आहेत ना? तेव्हांहि ताप आलाच असेल," असें मीं म्हटलें. त्या हंसल्या. तिसऱ्या खेपेस पुतण्याच्या पत्नीनें छत्री, पाण्याची बाटली आणि घडीची खुर्ची घेऊन त्यांस रांगेंत नेलें. दोन दिवस बारीक ताप आला. त्या दोन दिवसांत स्वयंपाक पुतण्यानें केला, आणि वरणांत मीठ दोनदां पडल्याचें मला सविस्तर कळविण्यांत आलें. मेच्या मध्यास दोन मात्रांमधील अंतर वाढविण्यांत आलें, त्यामुळें दुसरी मात्रा जुलैवर गेली. ती मिळाल्याचें कळलें त्या रात्रीं मला बऱ्याच महिन्यांनीं स्वस्थ झोंप लागली.

पुढें एक चमत्कार पाहावयास मिळाला. पुण्याची लस जिनें घेतली होती त्या इंग्लंडनें, तीच लस भारतांत टोचून घेतलेल्या प्रवाशांस मात्र लस न घेतलेले मानण्याचा नियम 4 ऑक्टोबर 2021 पासून केला. अडचण लसीची नसून दाखल्याची, असें सांगण्यांत आलें. भारतानेंहि इंग्लंडच्या प्रवाशांवर तसेंच निर्बंध घातले, तेव्हां 11 ऑक्टोबरपासून तो नियम निघाला. कागदास औषधाहून अधिक मान मिळतो तो असा.

आज आमच्या जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे, आणि सॅलिसबरीच्या मंदिरांत पुनः केवळ प्रार्थनाच होते. परंतु ज्यांचीं मुलें दूरदेशीं आहेत अशा घरांची संख्या वाढतेच आहे. त्यांस माझें सांगणें इतकेंच कीं, घरांतील वडीलधाऱ्यांच्या लसींचे दाखले जन्मपत्रिकांइतक्याच काळजीनें जपून ठेवावे. आणि जी बाई आजारी पडण्यास सवड नाहीं म्हणून लस टाळते, तिला उपदेश करण्यापूर्वीं दोन दिवस तिची चूल सांभाळण्याची सोय करावी. सुई टोचणारे पुष्कळ मिळतात. खुर्ची घेऊन रांगेंत बरोबर उभें राहणारें माणूस घरांतूनच निघावें लागतें.